गुलाबावर आणि डाळिंबावर लटकलेल्या या काड्यांच्या पुरचुंड्या कसल्या?

सोनटक्का
नमस्कार मंडळी. बागकाम विभागात आधी कुणी विचारलंय का ते शोधलं, मिळालं नाही, म्हणून नवा धागा.

आम्ही पुण्यात कोथरूडला, टेकडीच्या बाजूला राहतो. अंगणात देशी गुलाब, एक डाळिंब, पेरू आणि कुंपणाला मेंदी. पाऊस संपल्यापासून गुलाबाला वाळक्या काड्यांच्या पुरचुंड्या लटकलेल्या दिसतायत, आता डाळिंबावरही आल्यात. आधी वाटलं वाऱ्याने कचरा अडकला असेल. पण झटकून पडेना. ओढलं तर फांदी वाकते, पुरचुंडी सुटत नाही, इतक्या चिवट धाग्याने बांधलेली आहे. लांबी साधारण दीड इंच. काड्या सगळ्या उभ्या, एकमेकींना चिकटून, जवळपास एका मापाच्या. एखाददुसरीच खाली लांब बाहेर आलेली. बाहेरून गुलाबाचे काटेसुद्धा लावलेले दिसतात.

इथवर ठीक होतं. काल सकाळी पाणी घालताना त्यातली एक चालत होती! वरच्या टोकातून काळपट डोकं बाहेर, आणि सगळी मोळी मागे ओढत फांदीवरून निघालेली. मी बोट लावलं तर डोकं आत आणि दार बंद.

हा कोण आहे, झाडाला किती त्रास देतो, आणि काढायचा कसा? सासूबाई म्हणतायत, "राहू दे, त्याचं घर आहे ते." नर्सरीवाल्याने फोटो न बघताच औषधाची बाटली हातात ठेवली. ती अजून फोडलेली नाही. फोटो खाली देते.

खटपट्या
फोटो दिसत नाहीयेत.

सोनटक्का
परत टाकलेत, आता बघा.

खटपट्या
दिसले. आयला, हे चालतं?

निंबोणी
आमच्या सोसायटीत मोरपंखीच्या कुंपणावर हेच आहे, फक्त काड्यांऐवजी मोरपंखीचीच वाळकी पानं लावलेली. माळीदादा त्याला "मोरपंखीची फळं" म्हणतात आणि हात लावत नाहीत. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वऱ्हाडी_ठेचा
हे तं बाभळीवरचं हाय ना बाप्पा! आमच्या अकोल्याकडे धुऱ्यावरच्या बाभळीले असेच लटकून राह्यतात. तिकडे काड्या कमी, काटेच जास्त. शाळेत जातानी तोडून आणाचो अन् आतली अळी बाहेर काढाले पाह्याचो, पण निघतच नाई. कितीही ओढा, आतून धरून बसते. शेवटी ब्लेडनं कापा लागे. बोटात काटे घुसाचे ते येगळंच.

चिकित्सक
अळी आहे हे कशावरून? कुंभारीण माशी मातीची घरं करते, आत अळ्या भरून ठेवते. तसाच एखादा काड्या वापरणारा प्रकार असेल. माशी घर बांधून निघून गेली, आणि आत कोंडलेली अळी बाहेर यायला बघतेय, असंही होऊ शकतं.

रातकिडा
चिकित्सक, कुंभारणीचं घर जिथे बांधलं तिथेच राहतं आणि आतली अळी लुळी पडलेली असते. ती डोकं काढून चालत नाही. सोनटक्काताईंनी चालताना बघितलं तिथेच कुंभारीण बाद झाली.

ही बॅगवर्म. सायकिडी कुळातल्या पतंगाची अळी. जगात हिच्या हजारावर जाती आहेत आणि प्रत्येकीची बांधकामाची तऱ्हा निराळी. कुणी वाळूचे कण लावते, कुणी पानांचे तुकडे, कुणी गवताच्या काड्या, कुणी काटे. काही जाती काड्या आडव्या रचत चौकोनी बांधकाम करतात. तुमच्या फोटोत काड्या उभ्या, समांतर, एका मापाच्या आणि एखादीच लांब, म्हणजे युमेटा क्रामेरी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. जुन्या शेतकी पुस्तकांत हिचं नाव क्लॅनिया क्रामेरी असं सापडेल. वऱ्हाडी ठेचा म्हणतायत ते बरोबर आहे, बाभूळ हे तिचं हक्काचं झाड. पण खाण्याच्या बाबतीत ती अजिबात चिकित्सक नाही (चिकित्सक, हलके घ्या). गुलाब, डाळिंब, चहा, शोभेची झाडं, सगळं चालतं. आसपास बाभूळ आहे का?

निंबोणी, तुमची मोरपंखीवरची याच कुळातली, पण तीच जात असेल असं नाही. पिशवीला काय लावलंय यावरून जात ठरवू नका. जे झाड खाते त्याचाच माल ती वापरते, म्हणून एकाच जातीची पिशवी गुलाबावर काट्यांची आणि मोरपंखीवर पानांची दिसू शकते. माल कसा रचलाय, पिशवीचा आकार काय, टोकं कशी आहेत हे बघायचं. आणि अगदी जातीपर्यंत खात्री हवी असेल तर नर पतंग हाती लागावा लागतो, फोटोवरून शंभर टक्के कुणी सांगत असेल तर सोडून द्या.

सोनटक्का
रातकिडा, खूप आभार! हो, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बाभळी आहेत. पण मग अळी तिथून आमच्या गुलाबावर आली कशी? ही मोळी ओढत भिंत ओलांडून?

रातकिडा
वाऱ्यावर. याची गोष्ट जरा मोठी आहे.

या कुळातल्या बऱ्याच जातींत, युमेटा धरून, मादीला पंख नसतात. पाय, डोळेसुद्धा नावालाच. कोषातून बाहेर पडल्यावर ती दिसायला जाडसर अळीसारखीच असते आणि पिशवी सोडून कधी कुठे जात नाही. नर मात्र रीतसर पंखवाला पतंग. मादी आतूनच गंध सोडते, त्या वासावर तो येतो, पिशवीच्या खालच्या तोंडाशी लटकतो आणि पोटाचा भाग लांब करून आत घालतो. मीलन तसंच होतं. तोंडाचे अवयव कामाचे नसल्यामुळे नर काही खात नाही, थोडेच दिवस जगतो. मादी पिशवीतच अंडी घालते, शेकड्यांनी, आणि मरते.

अंड्यांतून निघालेली पिल्लं खालच्या तोंडातून बाहेर पडतात, रेशमाच्या धाग्यावर लोंबकळतात, आणि वारा आला की धाग्यासकट उडतात. जिथे टेकतील ते झाड आपलं. उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे पिशवी. अंगाएवढी, अगदी बारीक, पानाचा भुगा आणि रेशीम. पुढे वाढत जाईल तसा वरच्या तोंडाला नवा माल जोडत जाते. म्हणून पिशवीच्या खालच्या टोकाशी बारीक, जुन्या काड्या आणि वर जाड, नव्या. एखादी कापून बघितली तर अळीचं सगळं बालपण त्या काड्यांच्या मापात क्रमाने लावलेलं सापडतं.

खटपट्या
म्हणजे पझेशन पहिल्या दिवशी, आणि पुढे जन्मभर वाढीव बांधकाम. पालिकेची परवानगी वगैरे काही नाही. हेवा वाटला.

अनामिका_०२
आणि बायको जन्मात घराबाहेर पडत नाही, नवरा दारापर्यंतच येतो. सासूबाई "त्याचं घर आहे" म्हणाल्या ते "तिचं घर आहे" असं हवं.

सोनटक्का
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग तर मुळीच काढू नकोस."

शेतीमित्र
गप्पा छान आहेत पण झाड जाईल तोवर. साधा उपाय सांगतो, मोनोक्रोटोफॉस एक फवारणी, विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं.

डाळिंबवाला
शेतीमित्र, घरच्या अंगणात मोनोक्रोटोफॉस? अहो लहान मुलं, मांजरं फिरतात तिथे. भाजीपाल्यावर तर त्याला कधीचीच बंदी आहे. गुलाबाची पाकळी उद्या कुणी गुलकंदाला काढेल.

माझी सटाण्याला डाळिंबाची बाग आहे. ही अळी आमच्याकडे अधूनमधून येते, पण तेल्या आणि मर रोगापुढे हिला कुणी विचारत नाही. दिसली की मजूर हाताने वेचतात, बादलीत साबणाचं पाणी असतं त्यात टाकतात. बांधावरच्या बाभळीवर जास्त झाली तर आधी तिथलं वेचतो, नाहीतर दरवर्षी तिथून परत येते. पानं खाते, कोवळ्या फांद्यांची साल कुरतडते, कधी फळाच्या सालीवर ओरखडे पडतात. डाग पडलेल्या फळाला बाजारात भाव कमी मिळतो, तेवढाच काय तो आमचा राग.

शेतीमित्र
बरं, मोनो नको तर दुसरं काही मारा. पण मारावं लागणारच. हाताने वेचणं एका झाडाला ठीक आहे, बागेला नाही.

रातकिडा
बागेसाठी तुमचा मुद्दा बरोबर. पण वेळ महत्त्वाची. अळी लहान असताना, म्हणजे पिशवी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असते तेव्हा, निंबोळी अर्क किंवा बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं औषध) चालतं. बीटी पोटात गेलं तरच काम करतं, त्यामुळे पानावर नीट बसलं पाहिजे, आणि उन्हात ते लवकर खराब होतं म्हणून संध्याकाळी मारायचं. सोनटक्काताईंच्या पिशव्या दीड इंचाच्या आहेत. एवढी मोठी अळी खाणं कमी करत आणते, आणि कोषात गेली की खातच नाही. बाहेरून कितीही फवारा, औषध काड्यांवर बसतं आणि ती आत रेशमाच्या अस्तरात निवांत. बाटली परत करा.

चिकित्सक
मग तिथे फवारणीपेक्षा रॉकेलचा बोळा लावावा. आमचे आजोबा करायचे.

डाळिंबवाला
रॉकेलने आधी गुलाबाचं पान करपेल. आणि आता रॉकेल मिळतं कुठे?

दर्यावर्दी
रॉकेलवरून आठवलं. आमच्या रत्नागिरीकडे भातावर सुरळीतील अळी येते, ती पण घर घेऊनच फिरते. भाताचं पान कापून त्याची नळी करते, आत राहते, आणि खाचरातल्या पाण्यावर त्या नळ्या तरंगत असतात. दुरून पांढुरके तुकडे पसरल्यासारखं दिसतं. लहानपणी बाबा आणि काका खाचराच्या दोन टोकांना उभे राहून रॉकेलात बुडवलेला दोर भातावरून ओढायचे. नळ्या पाण्यात पडायच्या, मग पाणी काढून द्यायचं. तुमची अळी तीच का?

रातकिडा
घर घेऊन फिरते एवढंच सारखं, कूळ वेगळं. सुरळीतील अळी पाण्याला बांधलेली आहे. तिच्या अंगावर कल्ल्यांसारखे तंतू असतात, पाण्यातून प्राणवायू घेते. म्हणून पाणी काढलं की ती मरते, दोर तिला फक्त खाली पाडायला. गुलाबावरच्या अळीला हा उपाय नाही, तिला पाण्याशी देणंघेणं नाही.

मृद्गंधा
अवांतर प्रश्न आहे पण इथेच विचारते. आमच्या बाथरूमच्या भिंतीवर चपटं, राखाडी, काकडीच्या बीएवढं काहीतरी चिकटलेलं असतं. दोन्ही टोकांना निमुळतं. काही दिवसांनी जागा बदललेली असते! मुलगा त्याला "सिमेंटचा किडा" म्हणतो. हे झाडावरून घरात आलेलं पिल्लू तर नव्हे?

खटपट्या
हा आमच्याकडेही आहे! पंख्याच्या वरच्या कोपऱ्यात. बायको म्हणते हा प्लास्टरचा तुकडा, मी म्हणतो हा काल खिडकीशी होता.

रातकिडा
अवांतर नाही, उलट सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ती घरातली कोशाळी, टिनिइडी कुळातली. म्हणजे लोकरीचे कपडे खाणाऱ्या कसरीची जवळची नातेवाईक, बॅगवर्मची जरा लांबची. तिची पिशवी चपटी असते, दोन्ही टोकं उघडी, आणि अळी आतल्या आत वळून कुठल्याही टोकाने डोकं बाहेर काढते. वाळू, रंगाचे कण, धूळ, धागे असं लावते. तुमची झाडं खात नाही. जुनी कोळिष्टकं, केस, लोकर खाते. कोळिष्टकं काढत राहा, आपोआप कमी होईल.

ओळखायची सोपी खूण अशी की बागेतली बॅगवर्म फांदीला लटकते आणि तिची पिशवी गोलसर असते, भिंतीवरची चपटी आणि चिकटून. शिवाय झाडावरच्या पिशवीची दोन तोंडं दोन वेगळ्या कामांची. वरच्यातून डोकं काढून खायचं, खालच्यातून विष्ठा टाकायची.

मृद्गंधा
खिडकीवरून पंख्यापर्यंत जाणारा प्लास्टरचा तुकडा, हे मात्र आवडलं. :)

जर्सीची_आत्या
इकडे न्यू जर्सीत आमच्या आर्बरव्हायटीच्या कुंपणाला ही आहेच! (आर्बरव्हायटी म्हणजे तुमच्या मोरपंखीचीच बहीण.) इथली जात वेगळी, थायरिडॉप्टेरिक्स. अंडी हिवाळाभर पिशवीतच राहतात, एका पिशवीत पाचशे ते हजार, आणि मेअखेर-जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात. म्हणून इथे सगळे सांगतात, हिवाळ्यात आणि मेच्या आत पिशव्या तोडून टाका, एक पिशवी काढली की हजार अळ्या कमी.

पहिल्या वर्षी आम्ही दुर्लक्ष केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कुंपणाचा एक अख्खा पट्टा तपकिरी झाला. या झाडांचा प्रॉब्लेम असा की पर्ण गेलेल्या जुन्या फांदीवर परत फूट येत नाही. गुलाब, डाळिंब परत पालवतात, हे नाही. निंबोणी, तुम्ही मोरपंखीवर आहे म्हणालात म्हणून खास लिहिलं. माळीदादांची फळं लवकर उतरवा.

निंबोणी
अगं बाई. उद्याच सांगते. तोडायची कशी पण? हाताने येत नाही.

जर्सीची_आत्या
कात्रीने. आणि फांदीभोवतीचा रेशमाचा पट्टासुद्धा कापून काढ. ती कोषात जाताना फांदीला घट्ट वेढे घालते, ते वर्षानुवर्षं कुजत नाहीत. फांदी जाड होत जाते, वेढा तसाच, मग पुढचा भाग वाळतो.

पुस्तकी_किडा
इथे सगळे मारायच्या गोष्टी करतायत म्हणून थोडं वेगळं. श्रीलंकेत या अळीबद्दल एक समजूत एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत नोंदलेली आहे. गेल्या जन्मी ज्यांनी सरपणाची चोरी केली, त्यांना या जन्मी लाकडांची मोळी पाठीवर घेऊन फिरावं लागतं. एवढी सुंदर शिक्षा मी कुठल्या पुराणात वाचली नाही.

आणि जपानमध्ये हिला मिनोमुशी म्हणतात. तिथली पोरं अळी पिशवीतून काढून रंगीत कागदाच्या आणि लोकरीच्या तुकड्यांत ठेवायची, मग ती रंगीबेरंगी पिशवी बांधायची. जुना खेळ आहे हा. आता मात्र १९९० च्या दशकापासून तिथली मोठी मिनोमुशी बऱ्याच भागांत दिसेनाशी झाली, कारण बाहेरून आलेली एक माशी. ती पानावर अंडी घालते, अळी पानासकट ती अंडी गिळते, आणि माशीची पिल्लं अळीला आतून खातात.

खटपट्या
रंगीत कागदाचं ऐकून आमच्या चिरंजीवांचे डोळे चमकलेत. कुणाकडे जास्तीची अळी आहे का?

दर्यावर्दी
रंगीत घरावरून, आमच्याकडे ओढ्यात दगडाखाली बारीक वाळूच्या नळ्या सापडतात, आत किडा असतो. तो पण याच जातीचा?

रातकिडा
नाही, त्या कॅडिस माशीच्या अळ्या. पतंगांच्या जवळच्या नात्यातल्या, पण पाण्यात राहणाऱ्या. त्याही रेशमानेच चिकटवतात. ह्युबर दुप्रा नावाच्या फ्रेंच कलाकाराने १९८० च्या दशकात या अळ्यांना सोन्याचे पत्रे, मोती, रत्नं दिली. त्यांनी इमानेइतबारे त्याच्या नळ्या बांधल्या. दागिन्यांसारख्याच दिसतात.

अनामिका_०२
या अळ्या आमच्या सराफाला कळता कामा नयेत. मजुरी शून्य.

पुस्तकी_किडा
रेशमाचा विषय निघालाच आहे तर, बॅगवर्मचं रेशीम भलतंच मजबूत असतं. जपानी संशोधकांनी २०१९ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये त्यावर लेख लिहिला होता. नेहमीच्या रेशीमकिड्याच्या धाग्यापेक्षा बळकट आणि चिवट. सोनटक्काताईंना पुरचुंडी ओढून निघाली नाही यात नवल नाही.

चिकित्सक
कलाकार झाले, जपान झालं, सोनं झालं. मूळ प्रश्नाकडे येऊ का? मला अजून एक शंका आहे. ही अळी खरंच एवढी नुकसान करते का? बाभळीवर शेकडो लटकलेल्या मी पाहिल्यात, बाभूळ मेलेली पाहिली नाही. चार पानं खाल्ली म्हणून एवढा धागा?

रातकिडा
चांगला प्रश्न. एरवी फार नाही. निसर्गात हिला खाणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे संख्या आटोक्यात राहते. पण मादी उडत नाही हे लक्षात घ्या. पिल्लं वाऱ्याने फार लांब न गेली तर एकाच झाडावर पिढ्यामागून पिढ्या साचतात. शेजारचं झाड हिरवंगार आणि हे खराटा, असं दिसतं ते त्यामुळे. केरळात चिंचेवर आणि लाकडासाठी लावलेल्या फाल्काटेरियाच्या झाडांवर टेरोमा प्लेजिओफ्लेप्स या छोट्या बॅगवर्मचे मोठे उद्रेक झालेत, झाडंच्या झाडं निष्पर्ण. तिथल्या वन संशोधन संस्थेने तिच्यावर बरंच काम केलंय. तेव्हा बाभळीला काही होत नाही म्हणून गुलाबाला होणार नाही असं नाही. गुलाब केवढा, बाभूळ केवढी.

वऱ्हाडी_ठेचा
बाभळीले कायनंच काही होत नाई, ते सोडा.

सोनटक्का
बापरे, दोन दिवस नव्हते तर केवढं लिहिलंत! सगळं वाचलं. दर्यावर्दी, तुमचा दोराचा किस्सा सासऱ्यांना फार आवडला, त्यांच्याकडे अलिबागलाही असंच करायचे म्हणे.

काल सगळ्या पुरचुंड्या नीट बघितल्या. तीन प्रकार दिसतायत. काही हलवल्या की जड लागतात आणि सकाळी फिरतात. काही फांदीला गच्च बांधलेल्या, वरचं तोंड शिवून टाकल्यासारखं, अजिबात हलत नाहीत. त्यांतल्या दोघींच्या बाजूला बारीक गोल भोक आहे, टाचणीने पाडल्यासारखं. आणि एकीच्या खालच्या टोकातून तपकिरी, पातळ टरफल अर्धवट बाहेर लोंबतंय. ते काय? मेल्यात का या?

रातकिडा
वा! एवढं बारकाईने कुणी बघत नाही.

फिरणाऱ्या अर्थातच जिवंत आणि खाणाऱ्या. तोंड शिवलेल्या मेल्या असं धरू नका. अळी कात टाकतानाही तोंड बांधून घेते, आणि कोषात जाताना तर घेतेच. तपकिरी टरफल म्हणजे नराचा रिकामा कोष. नर बाहेर पडताना कोष खालच्या तोंडातून अर्धा बाहेर ओढून आणतो आणि तिथेच सोडून उडतो. मादीचा कोष कधीच असा बाहेर येत नाही. म्हणजे तुमच्या बागेत एक नर नुकताच उडालाय, आणि शिवलेल्या पिशव्यांतल्या काहींत आत्ता मादी किंवा अंडी असणार. काढायच्या तर आत्ताच.

बाजूचं गोल भोक मात्र चांगली खूण. तिथून अळी किंवा पतंग बाहेर पडत नाही, ते नेहमी खालच्या टोकातून. बाजूला भोक पाडून निघते ती परोपजीवी गांधीलमाशी, अगदी छोटी, माणसाला न चावणारी. तिने आत अंडी घातली होती, तिच्या पिल्लांनी अळी खाल्ली आणि भोक पाडून गेली. तुमच्या वतीने फवारणी झालेली आहे.

डाळिंबवाला
म्हणूनच मी आता वेचलेल्या सगळ्या पिशव्या साबणाच्या पाण्यात टाकत नाही. अंडी असतील अशा, शिवलेल्या, एका डब्यात ठेवतो आणि वर बारीक जाळी बांधतो, साध्या मच्छरदाणीची. छोट्या गांधीलमाश्या आणि माश्या जाळीतून निघून बागेत परत जातात. मादीला पंखच नाहीत, ती जाणार कुठे? डबा झाडांपासून लांब, आणि खाली पाण्याचं ताट, पिल्लं निघाली तर तिथेच अडकतात.

शेतीमित्र
हे चांगलं आहे. पण जाळीच्या छिद्रातून पिल्लं वाऱ्याने गेली तर?

डाळिंबवाला
म्हणून डबा आडोशाला, गोठ्यात वगैरे. आणि फार दिवस ठेवायचा नाही, महिन्या-दीड महिन्यात आतलं सगळं जाळून टाकायचं. फिरणाऱ्या अळ्या मात्र थेट साबणात. त्यांना ठेवून उपयोग नाही.

चिकित्सक
हाताने काढताना खाज वगैरे? सुरवंटाचा अनुभव वाईट आहे.

रातकिडा
नाही. अंगावर विषारी केस नसतात. पण गुलाबाचे आणि बाभळीचे काटे पिशवीला लावलेले असतात, ते टोचतात. हातमोजे घाला.

सोनटक्का
ठरलं तर. शिवलेल्या डब्यात, फिरणाऱ्या बादलीत, बाजूला भोक असलेल्या झाडावरच राहू देते. सासूबाईंशी तडजोड अशी झाली की एक पिशवी पेरूवर त्यांच्या देखरेखीखाली राहील. रातकिडा, ती मादी निघाली तर तुमच्यावर ढकलणार आहे मी.

खटपट्या
सासूबाईंचा विजय असो.

निंबोणी
माळीदादांना धागा वाचून दाखवला. त्यांनी दुपारभर कात्री चालवली, पोतंभर "फळं" निघाली. एक कापून दाखवली तर आत पिवळसर बारीक अंडी ठासून भरलेली, मग त्यांनी स्वतःहून रेशमाचे पट्टे पण काढले. कमिटीने मात्र शेजारच्या सोसायटीच्या कुंपणाचं काय असं विचारलंय, कारण तिथे आमच्यापेक्षा जास्त आहेत.

जर्सीची_आत्या
तिकडे पण कात्री पाठव. वारा सोसायटी बघून वाहत नाही.

मृद्गंधा
रातकिडा, एक शेवटचं. पेरूच्या पानाखाली पांढरं, कापसासारखं, हात लावला की चिकट काहीतरी आहे. हेही घर घेऊन फिरतं का?

रातकिडा
नाही, तो बहुधा पिठ्या ढेकूण. वेगळा विषय, वेगळा उपाय. नवा धागा काढा आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका. झाडावर मुंग्या चढतायत का तेही लिहा.